रुळांवरचा संयम

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी चहा, साखर असलं किरकोळ काही सोडणार नव्हतो. मी राग सोडणार होतो, तोही मुळापासून. पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादरना तसं सांगूनही टाकलं. ते म्हणाले, "आवाज खाली आणणं सोपं आहे रे. आत काय चाललंय ते बघ."

आता माझा धंदा गाडी शिकवण्याचा. माझ्या शेजारी बसलेला माणूस गाडीच्या आधी देवाचं नाव घ्यायला शिकतो, असा माझा आवाज. आणि त्या आठवड्यात शिकायला कोण, तर सासूबाई. सासऱ्यांची नजर अधू झाल्यापासून घरची गाडी धूळ खात होती, म्हणून साठी उलटल्यावर त्यांनी स्टिअरिंग हातात घेतलं होतं.

पहिल्याच वळणावर त्यांनी चाक फुटपाथवर चढवलं. एरवी मी गाडीचं छप्पर उडवलं असतं. त्या दिवशी म्हणालो, "छान. आता हळूच खाली उतरवूया." आत मात्र कुकरची शिट्टी व्हायला आली होती.

सासूबाईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं.

पुढे त्यांनी दुसऱ्याऐवजी चौथा गिअर टाकला. गाडी दमेकऱ्यासारखी खोकली. "होतं असं," मी म्हणालो. त्यांचा चेहराच उतरला.

रेल्वेचं फाटक उघडं होतं. गाडी नेमकी रुळांवर आली आणि त्यांनी विचारलं, "काल ह्यांना डॉक्टरकडे तुम्हीच नेलं होतं ना? काय म्हणाले?"

"सगळं ठीक आहे. तुम्ही पुढे बघा हं," मी लोण्यासारख्या आवाजात म्हणालो.

त्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. त्यांनी किल्ली काढून मुठीत धरली.

"खरं सांगा. तुम्ही कधी इतकं गोड बोलत नाही. ह्यांना काय झालंय?"

"काहीही नाही. आपण जरा पलीकडे जाऊन बोलूया का?"

"म्हणजे बसून सांगण्यासारखं आहे." त्यांचे डोळे भरून आले.

फाटकाची घंटा वाजू लागली. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला. मी आणखी मृदू झालो, शपथा घेतल्या. मी जितका मृदू, तितकी त्यांची मूठ घट्ट. दांडा खाली येऊ लागला. लांब वळणावर इंजिनाचा दिवा दिसला.

"आई, किल्ली लाव! क्लच दाब! पहिला टाक! आता सोड क्लच, सोड!"

तो आवाज ऐकला आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. गाडीने बेडकासारखी उडी घेतली. दांडा आमच्या पाठीमागे पडला आणि थोड्याच वेळात गाडीच्या काचा थरथरवत आगगाडी निघून गेली.

पुढे रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली.

"डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. एवढंच," मी सांगितलं.

"आता पटलं," त्या म्हणाल्या.

मी फादरनी सांगितल्याप्रमाणे आत डोकावून पाहिलं. राग कुठेच नव्हता. सासूबाईंना काही झालं असतं तर, एवढी एकच भीती होती. इतकी वर्षं मी या भीतीलाच राग म्हणत आलो की काय, कोण जाणे.

"ओरडलो, माफ करा," मी म्हणालो.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "आज पहिल्यांदा आई म्हणालात मला."

त्यांनी शांतपणे किल्ली फिरवली.

"पण 'सोड' काय? मोठ्या माणसांना 'सोडा' म्हणायचं."