चांगदेवांच्या नावाचे पोहे

घरातून निघेपर्यंत चांगदेव बनसोड्यांना दोन थापा माराव्या लागल्या होत्या, आणि दोन्ही त्यांनी नीट विचार करून मारल्या होत्या.

पहिली फेब्रुवारीत, महूच्या बहिणीला. मंजुळाच्या नातीचं, पलकचं, लग्न होतं. दोनशे नातेवाईक, चार दिवस, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न असणार, "मामा, पुण्यात करमतं का?" चांगदेवांनी फोनवर बारीक खोकून दाखवलं आणि सांगितलं, "डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलीय गं." मंजुळा म्हणाली, "ठीक आहे. पण परवानगी मिळाली की पहिला पाय माझ्या दारात पडला पाहिजे. दुसरीकडे पडला तर समज की तुला बहीणच नाही." आणि मंजुळा बोलेल ते करणारी बाई होती. एका चुलतभावाशी ती एकोणीस वर्षं बोललेली नव्हती, आणि ते भांडण एका कुकरवरून झालं होतं.

दुसरी थाप एप्रिलात, मुलाला. "इगतपुरीला विपश्यनेला जातोय. दहा दिवस. तिथं फोन जमा करून घेतात, तेव्हा काळजी करायची नाही." प्रशिकनं काळजी केली नाही. सूनबाई संबोधीनं तर शिबिरासाठी तीन पांढरे कुर्ते इस्त्री करून दिले. ते कुर्ते पिशवीत घालून, फोन बंद करून, चांगदेव इंदूरच्या गाडीत बसले.

खरं तर हा माणूस थापाड्या नव्हता. पण दोन वर्षं एका फ्लॅटमध्ये काढली की माणूस काय काय शिकतो. एका खोलीत मुलाच्या मीटिंगा, दुसरीत सुनेच्या, स्वयंपाकघरात नातीची शाळा, आणि चांगदेव बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी. त्यात गेल्या वर्षी दुसरी लाट आली तेव्हा त्यांच्या मोबाइलवर रोज कुणी ना कुणी गेल्याची बातमी यायची. बाबांचं जेवण सुटलं म्हणून प्रशिकनं त्यांचं जुनं सिमच काढून टाकलं, नवा नंबर आणला आणि तो फक्त घरच्यांना दिला. इंदूरच्या मंडळींना कळवायचं राहिलं. चांगदेव मनाशी म्हणायचे, कळवू सावकाश.

इंदुरात त्यांनी एकतीस वर्षं टपालाच्या थैल्या वेगळ्या करण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर पुण्याला गेले, तरी दरवर्षी एप्रिलात चार दिवस ते एकटेच इंदूरला यायचे. लॉजवर उतरायचे, तासाभरावरच्या महूकडे फिरकायचेही नाहीत. राजवाड्यामागच्या गल्लीत गजाननचं पोह्याचं दुकान होतं. तिथल्या बाकावर सकाळी सातला परदेशीपुऱ्याचे तुकोजी येऊन बसत. गिरणीत आयुष्य गेल्यामुळे तुकोजींना ऐकू कमी यायचं आणि बोलायची सवयही नव्हती. दोघं शेजारी बसून एकेक प्लेट पोहे खात, पेपर अर्धा अर्धा वाटून घेत आणि उठत. "आणखी काय विशेष?" असं तुकोजींनी आयुष्यात कधी विचारलं नाही. चांगदेवांना जगात एवढंच हवं होतं. पोहे, तो बाक आणि काही न विचारणारे तुकोजी.

गल्लीच्या तोंडाशीच त्यांना गर्दी दिसली. दुकानासमोर ही मोठी रांग. चांगदेवांनी मास्क डोळ्यांपर्यंत ओढला, कारण राजवाड्याच्या आसपास महूचं कुणीही भेटू शकतं, आणि मुकाट्यानं रांगेत उभे राहिले. दुकान तसंच होतं. वाफेवर ठेवलेली पोह्यांची परात, बाजूला जिलेबी, मागे गजानन. बाकावर तुकोजी दिसत नव्हते. येतील, असं म्हणून त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर त्यांचाच फोटो होता. त्याला झेंडूचा हार होता, पुढे उदबत्ती होती आणि ज्या कपाळाला त्यांनी जन्मात काही लावलं नव्हतं, त्या कपाळावर कुणीतरी ठसठशीत चंदन लावलं होतं. खाली पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'कै. चांगदेवजी बनसोडे. प्रथम पुण्यस्मरण.'

चांगदेवांनी स्वतःचं नाव दोनदा वाचलं. पुढच्या माणसाला त्यांनी कसंबसं विचारलं, "हे... कोण?"

"काय मालूम भिया," तो माणूस म्हणाला, "पण त्यांच्या नावानं आज पोहे फ्री आहेत. माणूस चांगला असंल."

आता शहाणपण कशात होतं? सरळ पुढे होऊन "मी जिवंत आहे" म्हणण्यात. पण मग ओरडा होणार, फोटो निघणार, ते फोटो अर्ध्या तासात महूला पोचणार, आणि पहिला पाय कुठं पडला ते मंजुळाला कळणार. म्हणजे जिवंत ठरायचं तर बहीण जाणार, आणि बहीण राखायची तर मेलेलंच राहायला हवं. चांगदेव गुपचूप रांगेतून सटकू लागले.

"ओ बाबूजी! कुठं चालले?" गजाननचा आवाज आला. "आजच्या दिवशी कोणी भुका जायचा नाई. आत्म्याला लागतं ते. घ्या!" आणि शेव, जिरावणाचा मसाला, कांदा सगळं घसघशीत घातलेली प्लेट त्यांच्या हातात आली.

त्या पोह्यांचा वास आला मात्र, चांगदेवांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं बाल्कनीत बसून ते याच वासाची आठवण काढत होते. आता पोहे हातात होते, आणि खायचे तर मास्क काढायला हवा होता. मास्क काढला की त्यांचं तोंड दिसणार, आणि तेच तोंड बरोबर समोरच्या भिंतीवर हार घालून टांगलेलं होतं. असा पेच त्यांच्यावर कधी आला नव्हता.

तेवढ्यात उन्मेष मास्तर स्टुलावर चढले. हे निवृत्त शिक्षक, दुकानातले रोजचे गिऱ्हाईक, आणि भाषणाची संधी त्यांनी आजवर एकही सोडली नव्हती.

"बंधू-भगिनींनो! चांगदेवजी म्हणजे काय होते? सच्चे आदमी होते! उभ्या जिंदगीत खोटं म्हणून बोलले नाईत."

चांगदेवांनी मान खाली घातली. मास्तर पुढे त्यांच्या कुटुंबवत्सलतेवर आले. नातेवाइकांवाचून या माणसाला एक दिवस करमत नसे, असंही त्यांनी ठणकावून सांगितलं. ऐकणारे हळहळले. आपण इतके चांगले होतो हे चांगदेवांना ठाऊक नव्हतं, आणि ऐकून मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. शेवटी सगळ्यांचं लक्ष मास्तरांकडे आहे असं पाहून त्यांनी मास्क खालून जरासा उचलला आणि पोह्यांचा चमचा आत सरकवला.

चमच्यात वरचं सगळं जिरावण आलं होतं. ते तोंडाऐवजी नाकात गेलं. चांगदेवांनी शिंक दाबली, पुन्हा दाबली, आणि तिसऱ्यांदा ती इतक्या जोरात आली की मास्कची नाडी तुटली.

एप्रिल दोन हजार बावीसमध्ये शिंकेला जो मान होता तो पुढाऱ्यालाही नव्हता. क्षणात सगळी रांग चार हात मागे सरली. गल्लीच्या मधोमध, पोह्यांची प्लेट धरून, उघड्या तोंडानं चांगदेव एकटे उभे राहिले. दोन वर्षांत प्रथमच ते खरोखर एकटे होते.

गजाननच्या हातातला झारा परातीत पडला. उन्मेष मास्तरांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा चांगदेवांकडे, आणि भाषण न थांबवता ते स्टुलावरच मटकन खाली बसले.

"चांगदेवजी?" गजानन काउंटरवरून झुकून म्हणाला. "अरे, तुम्ही तर गेले होते ना?"

"नाही गेलो. पुण्याला होतो."

"मग फोन? आम्ही किती फोन लावले! आठ दिवस बंद, पंधरा दिवस बंद. त्या टाइमाला कोणाचा फोन बंद लागला की पुढे विचारायची हिंमतच नव्हती होत, भिया. आम्ही समजून घेतलं."

लोक आता जवळ आले होते, कुणी त्यांना चिमटा काढून पाहत होतं, कुणी फोटो काढत होतं. "फोटो नको!" चांगदेव हात जोडून म्हणाले. "महूला नको पाठवू कोणी! माझ्या बहिणीला कळलं तर संपलं सगळं."

मास्तरांचा चेहरा पडला. "तुमच्या बहिणीला तर मी निमंत्रण पाठवून दिलं. रात्रीच नंबर भेटला. बोल्लो, घरचं एक तरी माणूस पाहिजे प्रोग्रामला."

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि पांढऱ्या साडीतली मंजुळा उतरली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. पाच पावलं चालून आली आणि समोर हातात पोहे घेतलेला भाऊ पाहून जागच्या जागी थबकली.

"मंजुळा, मी सांगतो..."

"तू गप!" ती पुढे आली. तिनं आधी त्यांचा दंड दाबून पाहिला, मग कपाळ, मग त्याच हातानं पाठीत असा धपाटा घातला की उरलेली शेव उडाली. "सकाळी मोबाइलवर तुझा हारवाला फोटो आला. मी बोलली, गेल्या एप्रिलात मेला तर फेब्रुवारीत माझ्याशी खोकलं कोण? तुला फोन लावला, बंद. प्रशिकला लावला, तो बोल्ला बाबा इगतपुरीला. त्यानं इगतपुरीला विचारलं, ते बोल्ले असा माणूसच आलेला नाई! तो तिकडे रडून राहिला, मी इकडे रिक्षात पूर्ण रस्ताभर रडली! दादा, एक फोन चालू ठेवायला काय होतं रे तुला?"

चांगदेवांनी पिशवीतून फोन काढला आणि सुरू केला. तो सलग दोन मिनिटं थरथरत राहिला. प्रशिक, संबोधी, मंजुळा, प्रशिक, प्रशिक.

मुलाशी बोलून झालं. म्हणजे मुलगा बोलला, चांगदेवांनी ऐकलं. शिक्षा ठरली ती अशी की इंदूरचे चारही दिवस महूला, आत्याच्या नजरेसमोर. पलकचे सासरचेही येणार होते. चांगदेवांनी हताशपणे मान हलवली. गजाननने खुर्चीवर चढून त्यांचा फोटो उतरवला, तेव्हा त्या हारामागे झाकलेला शेजारचा फोटो दिसला.

तो तुकोजींचा होता.

"हा कशाला लावलाय?" चांगदेव म्हणाले. "त्यांचाही फोन बंद लागला का?"

कुणी हसलं नाही. गजानन खुर्चीवरून खाली उतरला.

"ते गेले, चांगदेवजी. दिवाळीच्या नंतर. हार्टचं झालं. तुमचा फोटो त्यांनीच लावला होता. फ्री पोहे पण त्यांचंच म्हणणं, चांगदेवच्या नावानं कोणी भुका नको जायला. रोज सकाळी तुमचा नंबर लावायचे बाकावर बसून. मी बोलायचो, तुम्हाला ऐकू तर येत नाई, फोन कशाला लावता? ते बोलायचे, तू ऐक नं, लागला का."

चांगदेव बाकावर बसले. शेजारची जागा रिकामी होती आणि तिथं बसायला कुणी येत नव्हतं. गजाननने नवी, वाफाळती प्लेट आणून दिली. समोर पोहे होते, बाक होता, आणि आता कुणी काही विचारतही नव्हतं. त्यांना एक घासही गेला नाही.

महूच्या रस्त्यावर रिक्षात मंजुळा त्यांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. चांगदेवांनी फोन हातात धरला होता. बऱ्याच वेळानं त्यांनी एक नंबर लावला, कानाला लावला आणि खाली ठेवला.

"कुणाला लावला?" मंजुळानं विचारलं.

"तुकोजीला."

"लागला?"

"बंद आहे."

मंजुळानं डोळे पुसले, बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "उद्या परत लाव."