भाकरसखी कशी संपली

नवी वस्तू बाजारात आली की पहिल्याच दिवशी का संपते, हे कुणाला जाणून घ्यायचं असेल तर त्यानं माझ्याकडे यावं. अख्ख्या सोलापुरात हे शास्त्र माझ्याइतकं कुणी कोळून प्यायलेलं नाही. दुर्दैव एवढंच, की प्यायला लागलं ते माझ्याच घरात.

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरी दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी लागते. चपाती पाहुण्यांसाठी. माझी आई निंगव्वा, म्हणजे आमची अव्वा, हिचं मत असं की गव्हानं पोट भरत नाही, नुसतं फुगतं. अशा घरात दिवाळीनंतर माझ्या बायकोचं, सिद्धेश्वरीचं, उजवं मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि बजावलं, "संक्रांतीपर्यंत भाकरी थापायची नाही. ऐकलं नाहीत तर हे दुखणं जन्माला पुरेल."

त्या संध्याकाळी परात मी पुढे ओढली. चाळीस वर्षं भाकरी खाल्ली आहे, थापायला कितीसं अवघड असणार? पहिली भाकरी अर्धी तव्यावर गेली आणि अर्धी परातीतच राहिली. दुसरी तव्यावर पूर्ण गेली, पण तिथून हलायलाच तयार नव्हती. अव्वानं ताटातला तुकडा उचलून उजेडात धरला.

"बसू, हे चावायचं हाय का चघळायचं?"

शेवटी सिद्धेश्वरीच उठली. पट्ट्यासकट तिनं दोन भाकरी थापल्या आणि तिसरीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते बघवेना. काहीही करून हिचा हात परातीतून बाहेर काढायचा, असं मी तिथंच ठरवलं.

आणि दुसऱ्याच दिवशी मोबाईलवर मला भाकरसखी दिसली. वरून पीठ आणि गरम पाणी घालायचं, झाकण लावायचं, की खालून टम्म फुगलेली भाकरी बाहेर येते. जाहिरातीतली बाई तर एका हातानं बटण दाबून दुसऱ्या हातानं केस सावरत होती. विक्री फक्त ऑनलाईन, सोमवारी दुपारी बारा वाजता.

जाहिरात दिसली नेमके त्याच दिवशी माझे सासरे, अण्णाराव, अक्कलकोटहून लेकीचा हात बघायला आले. लेकीचा पट्टा बघून त्यांचा चेहरा पडला. मला राहवलं नाही.

"मामा, काळजी सोडा. सोमवारी पहिलं मशीन आपल्या घरात. माझा शब्द."

"जावईबापू, तुमी शब्द दिला म्हंजे मशीन आल्यातच जमा," ते म्हणाले. आणि जाता जाता हा शब्द त्यांनी आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांत वाटून टाकला.

सोमवारी मी बँकेत काउंटरवर 'थोड्या वेळात येतो'ची पाटी लावली आणि मोबाईल घेऊन बसलो. बाराला बटण दाबलं. पत्ता भरला. ओटीपी मागितला. तो गेला सिद्धेश्वरीच्या नंबरावर, कारण घरातलं सगळं ऑनलाईन तिच्या नंबरावर चालतं. तिला फोन लावला तर एंगेज. परत लावला, एंगेज. आणखी एकदा लावला, तरी एंगेज. तेवढ्यात पडद्यावर आलं, 'सर्व भाकरसखी संपल्या आहेत.'

तिचा फोन लागला तेव्हा मी विचारलं, "कुणाशी बोलत होतीस एवढं?"

"बाबांचा फोन होता. इचारत हुते, जावयास्नी मशीन मिळालं का."

शेजारच्या टेबलावरचा युवराज हे सगळं डबा खाता खाता ऐकत होता. तो आमच्यात शहाणा समजला जातो, कारण तो सावकाश चावतो. "साहेब, कंपनी मुद्दाम थोडीच मशिनं सोडती," तो म्हणाला. "पंगतीत वाढप्यानं जिलेबी संपत आली म्हणून नुसतं पुटपुटायचं, की पोट भरलेली माणसंबी ताट पुढं करत्यात. भूक कुणाला असती? संपायची भीती असती."

"ते मला माहीत आहे," मी म्हणालो. खरं तर नव्हतं. "पण मी आता असा बंदोबस्त करतो, की वाढपीच आपल्या घरचा!"

एकटा माणूस आणि एक मोबाईल, इथंच मी चुकलो होतो. पुढची विक्री पुढच्याच सोमवारी होती. रविवारी मी सगळे पाहुणेरावळे घरी बोलावले. अक्कलकोटहून अण्णाराव आले, जुळे सोलापुरातून चुलतभाऊ शरणबसव बायकोला घेऊन आला, वळसंगहून कमलम्मा आत्या आली आणि तिच्याबरोबर तिच्या दोन सुना. मी सगळ्यांना चहा पाजला आणि भिंतीपाशी उभं राहून शिकवलं. आधीच लॉगिन करून ठेवायचं. पत्ता आदल्या दिवशी भरायचा. ओटीपी स्वतःच्या नंबरावर घ्यायचा. विक्री संपेपर्यंत कुणी कुणाला फोन करायचा नाही. हे शेवटचं सांगताना मी अण्णारावांकडे बघितलं, पण ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"ज्याला मिळेल त्यानं घ्यायचं आणि मला द्यायचं," मी म्हणालो. "पैसे माझे."

"पैशाचं काय बोलतो रे? पोरीचा हात महत्त्वाचा," कमलम्मा आत्या म्हणाली. ती असं म्हणाली तेव्हा मला भरून आलं होतं. हे पुढं विसरू नका.

सोमवार. बारा. या खेपेला ओटीपी माझ्याच नंबरावर. बटण दाबलं, तर पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं आणि त्याच्या खाली ओळ आली, 'सध्या गर्दी फार आहे, कृपया थांबा.' मी थांबलो. चक्र थांबलं तेव्हा मशीन संपलं होतं. गर्दी कुणाची होती हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

मी कपाळाला हात लावणार इतक्यात शरणबसवचा फोन आला. "दादा, मिळालं!" तो ठेवतोय तोवर आत्याचा. "बसू, मिळालं की रे! दोन्ही सुनांस्नी पन मिळालं!" मग अण्णाराव. "जावईबापू, मिळालं! तुमी शिकवलंच तसं!" माझी शिकवणी शंभर टक्के पास झाली होती, नापास फक्त मास्तर. पण मला काय त्याचं? मी घरी पेढे नेले. जास्तीची मशिनं परत कशी करायची याचीच मला चिंता लागली होती. सिद्धेश्वरी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसली.

खोकी ज्याच्या त्याच्या घरी पोचली. मी आधी शरणबसवकडे गेलो. खोकं दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, वर विणलेला रुमाल घालून ठेवलेलं. मी हात पुढे केला तसा तो मध्ये आला.

"दादा, एक बोलू का? हिला वाटायलंय, ऱ्हाऊ द्यावं."

"अरे, तुझ्या बायकोचा हात धडधाकट आहे!"

"हाय की. पर एवढी समदी घ्यायलेत म्हंजे मशिनीत कायतरी असंलच की."

"समदी म्हणजे कोण?"

त्यानं खोक्यावरचा रुमाल सारखा केला. "आपलीच," तो म्हणाला.

वळसंगला तर मला खोकं बघायलाही मिळालं नाही. आत्यानं ते देवघरात ठेवलं होतं. आत्याच्या तोंडात एकही दात नाही, गेली कित्येक वर्षं ती दूधभातावर आहे. मी तसं बोललो. "म्हनून काय झालं?" ती म्हणाली. "मिळत न्हवतं ते मिळालंय. असलं सोडायचं न्हाय बाबा, लक्ष्मी कोपते." सुनांची खोकी त्यांच्या माहेरी गेली होती.

राहता राहिले अण्णाराव. सिद्धेश्वरीचा जन्मदाता बाप. त्यांच्यापाशी मी काही मागितलंच नाही, नुसता खोक्याकडे बघत बसलो. तेही खोक्याकडे बघत बसले. मग घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, आमच्या गल्लीत कुनाकडंच न्हाय हे. चार मानसं बघायला येऊन गेली. आता दिलं तर काय म्हनतील? तुमी हुशार मानूस, पुढच्या बारीला मिळंलच तुमास्नी."

मी एसटीत बसून घरी आलो. रस्त्यात मला सगळा हिशेब लागत गेला. या लोकांना भाकरसखीचं नावही माहीत नव्हतं. नाव मी सांगितलं, हाव मी लावली, बटण दाबायला मी शिकवलं. कंपनीनं माल कमी सोडला असेल, पण तो माझ्या नाकासमोरून उचलायला माणसं मी तयार केली होती, तीही चहा पाजून. सिद्धेश्वरीला काय सांगावं हे कळत नव्हतं. दारातच तिनं माझे रिकामे हात बघितले आणि काही न विचारता परात घ्यायला वळली. मला माझाच इतका राग आला, की मी परात तिच्या हातातून हिसकावली आणि त्या रात्री आम्ही तिघांनी पोहे खाल्ले. अव्वा पोह्यांसमोर अशी बसली होती, जणू घरात कुणी गेलंय.

पण मन खातं ते सगळ्यांनाच. दोन दिवसांनी अक्कलकोटच्या एसटीनं एक डबा आला. आत कडक भाकऱ्या, पातळ, खुसखुशीत, महिनाभर टिकणाऱ्या. निरोप होता, 'लेकीला हात लावू देऊ नका.' दुसऱ्या दिवशी शरणबसवची बायको मऊ भाकऱ्या घेऊन आली. तिच्या मागोमाग वळसंगहून आत्याचा डबा.

"मशीनवरच्या का?" मी जरा कुचकटपणे विचारलं.

"छ्या! हातच्या," शरणबसवची बायको म्हणाली. "नवं कोरं हाय, पीठ सांडून खराब न्हाय का व्हनार?"

चौकशी केली तर सगळीकडे हीच तऱ्हा. अण्णाराव खोकं भोगीला पूजा करून उघडणार होते. भोगी आली तेव्हा त्यांचं म्हणणं, भोगीची तीळ लावलेली भाकरी देवाच्या ताटात जाते, ती मशीनची कशी चालेल? खोकं तसंच राहिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी ही कथा लिहिली नसती. पण आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत. अव्वाचा तसा कडक नेम आहे. भाकरीच्या डब्यातून परत काय जाणार? शेंगाचटणी. ती मिक्सरवरची अव्वाला चालत नाही, उखळातच कुटायला हवी. सिद्धेश्वरीचा हात दुखरा, अव्वाचं वय झालेलं. आता उरलं कोण?

उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन चालत नाही म्हणतात. मी रोज बँकेतून यायचो, बनियनवर बसायचो आणि कुटायचो. डबे येत राहिले, चटणी जात राहिली, आणि चटणीची चव लागली म्हणून डबे आणखी यायला लागले. संक्रांत होऊन गेली. सिद्धेश्वरीच्या मनगटाची सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, "छान विश्रांती दिलीत." मशीननं नव्हे, मशीन न देणाऱ्यांनी तिचा हात बरा केला, हे मला मान्य करावंच लागलं. तिचा तो पट्टा वाया गेला नाही. हल्ली तो माझ्या मनगटाला असतो.

मग तिसरी विक्री जाहीर झाली. या खेपेला मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. युवराजलाही नाही. बाराला बटण दाबलं आणि भाकरसखी मला मिळाली, इतक्या सहज की मी दोनदा वाचून खात्री केली.

खोकं घरी आलं तेव्हा मी जवळजवळ नाचत होतो. "संपलं!" मी ओरडलो. "डबे बंद, चटणी बंद!"

अव्वानं आधी रस्त्यावरचं दार लावून घेतलं. "कुनी बघितलं का?"

"बघू दे की."

"यप्पा, येडा का खुळा तू? घरात मशीन आलं म्हटल्यावर भाकरी कोन पाठवंल?"

"अव्वा, मशीनच भाकरी करेल."

"आनि न्हाय केली तर?" हे सिद्धेश्वरी. "कुनी चालवून बघितलंय का आजवर?"

खरंच, कुणीच बघितलं नव्हतं. आमच्या नात्यागोत्यात एवढ्या भाकरसख्या आल्या, पण एकीतूनही भाकरी बाहेर पडल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

"मग उघडून बघू या," मी म्हणालो.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "उघडलं की जुनं झालं," सिद्धेश्वरी हळूच म्हणाली. "ऱ्हाऊ द्या ना. मिळत न्हवतं ते मिळालंय."

खोकं माळ्यावर गेलं. त्यावर अव्वाचं जुनं इरकल लुगडं टाकलं. मी शिडीवरून उतरतोय तोच दारावर थाप पडली. अण्णाराव, हातात डबा.

बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "काय जावईबापू, ह्या बारीला मिळालं का?"

अव्वा माळ्याकडे बघायचं टाळत होती. सिद्धेश्वरी पाणी आणायला गेली आणि आतच थांबली.

"कुठलं हो मामा," मी म्हणालो. "एका मिनिटात संपलं."

"बघा! लई मागनी हाय त्याला," ते हळहळले. "तुमी नाराज हू नका. पुढच्या बारीला समद्यास्नी परत बसवतो. मी सोता बसतो." मग त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला आणि माझ्या पट्ट्याकडे बघत प्रेमानं म्हणाले, "आनि जावईबापू, चटनी जरा झनझनीत कुटा की. मागल्या बारीला तिखट कमी पडलं हुतं."