न संपणाऱ्या लोखंडाचा वापर अहवाल

जानेफळजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रातला लसींचा फ्रीज विजेअभावी रोज सहा तास बंद असतो, ही बाब वरच्या कार्यालयाच्या निदर्शनास आलेली होती आणि तिथेच सुखाने नांदत होती. लसी नासल्या की नर्स पूनम बाळांना परत पाठवी. छाया मॅडमची नात छकुली अशीच दोनदा परत आली.

छाया मॅडम कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. त्यांना राग आला की त्या प्रयोग करतात. अमोनिया तापवून त्यातला हायड्रोजन मोकळा करायचा आणि त्यावर जनरेटर चालवायचा. धूर नाही, काजळी नाही. त्यासाठीचा उत्प्रेरक परदेशी, महागड्या धातूचा असतो. मॅडमनी तो गावातल्या हिंमतरावांच्या वर्कशॉपात लेथ यंत्राखाली पडलेल्या लोखंडी किसातून बनवला. फ्रीज अखंड चालू लागला. पण विनापरवाना थंडाव्यात ठेवायला लसी मिळत नाहीत, म्हणून मॅडम कार्यालयात गेल्या.

वामनराव साहेबांनी अर्ज पालथा करून पाहिला.

"उत्प्रेरकाचा वापर शून्य लिहिला तुम्ही?"

"तो संपत नाही, साहेब. दोन किलो टाकला, दोन किलोच राहतो."

"संपत नाही, त मंग काम काय करून राह्यला?"

"न संपता काम करणं, हेच त्याचं काम."

अशी वस्तू साहेबांच्या तीस वर्षांच्या सेवेत आली नव्हती. त्यांनी समिती नेमली.

समितीने कीस तोलला, दिवसभर यंत्र चालवलं, फ्रीजमधलं गार पाणी प्यायलं आणि संध्याकाळी कीस पुन्हा तोलला. अहवाल आला: 'वजनात घट आढळून न आल्याने यंत्र चालले नाही, हे सिद्ध होते.'

"मॅडम, आठवड्याले अर्धा किलो कमी करा ना त्याले," वामनराव समजुतीने म्हणाले. "वापर दिसला की लगेच मंजुरी."

"कमी केलेला टाकू कुठे?"

"त्याचा रकाना नाही."

मॅडमच्या डोळ्यांसमोर छकुली आली. त्यांनी सही केली. यंत्राला सील लागलं. दर सोमवारी पंचांसमक्ष सील उघडून अर्धा किलो उत्प्रेरक मागच्या नालीत विधिवत सोडण्यात येऊ लागला. नवा घालायला मनाई होती. मंजूर साठा संपल्याशिवाय नवी मागणी करता येत नाही. चौथ्या सोमवारी साठा संपला, यंत्र बंद पडलं, आणि वापर शंभर टक्के झाल्यामुळे मंजुरी आली. त्याच दुपारी लसी आल्या.

"काऊन व पूनम, आता तरी लस?" मॅडमनी विचारलं.

"लाइन गेली, फ्रीज गरम हाय, मॅडम," पूनम मान खाली घालून म्हणाली. छकुली तिसऱ्यांदा परत गेली. मॅडम तिला पोटाशी धरून पायरीवरच बसल्या आणि रडल्या.

पेपरात मात्र शाल-नारळासह त्यांचा हसरा फोटो आला: 'स्वच्छ ऊर्जेत तालुका अव्वल.' ती बातमी तुम्हीही पाहिली. अंगठ्याचं चिन्ह टाकलं, तीन ग्रुपांवर पुढे पाठवली आणि जेवायला बसलात. एवढं सगळं तुमच्यातून गेलं, पण तुमच्यात गुंजभरही फरक पडला नाही. मॅडम हल्ली वर्गात उत्प्रेरक शिकवताना तुमचंच उदाहरण देतात.

फक्त एक गोष्ट सांगायला विसरत नाहीत: उत्प्रेरकाने निदान काम होतं.