चोवीस चुण्यांचा स्कर्ट

"एका स्कर्टला इस्त्री? त्यात काय एवढं!" बाइंडरसाहेबांनी बाह्या सरसावल्या. "बावीस वर्षं घड्या घालतोय मी. कागद मुकाट ऐकतो, तिथे कापडाची काय बिशाद!"

लेकीला आज संचलनात सगळ्यांत पुढे चालायचं होतं. तीन वर्षं दुसऱ्यांच्या वेण्या बघत चालल्यावर कवायतीच्या बाईंनी तिला एकदाची पुढे घेतली होती. स्पर्धा चारला.

"बाबा, चुण्या आहेत तशाच ठेवा हं!" असं बजावून ती सरावाला गेली.

आहेत तशा म्हणजे चोवीसच्या चोवीस चुण्या डावीकडे पडलेल्या! बाइंडरसाहेबांना ते बघवेना. पुस्तक कसं, मधोमध उघडतं, अर्धी पानं इकडे, अर्धी तिकडे. शिवणाऱ्याचीच चूक, दुसरं काय! त्यांनी बारा चुण्या उजवीकडे वळवल्या. त्या हट्टी, पुन्हा डावीकडे! मग साहेबांनी खळ काढली. पुठ्ठ्याला लावायची, चांगली दाट. स्कर्टला सढळ हाताने ती चोपडली, पुस्तकं दाबायच्या लोखंडी प्रेसमध्ये तो आवळला आणि स्वारी निवांत चहा प्यायला बसली.

तीन वाजता लेक आली ती दारातच थबकली.

"बाबा, हा उभा आहे!"

"मग! काम आहे कुणाचं!"

"आत कुणी नाहीये, तरी उभा आहे!"

तिने तो कसाबसा चढवला आणि एक पाऊल टाकलं. टाकलं म्हणजे काय, वीतभर सरकली. "मला चालताच येत नाहीये," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. आता मात्र बाइंडरसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लेकीला जवळजवळ उचलूनच समोरच्या शिंपीणमावशींकडे नेलं.

मावशींनी चष्मा लावला. चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

"अहो, कंबरेशी चुण्या सगळ्या डावीकडे, सुरीच्या पात्यांसारख्या. बरोबर आहे. खाली समोर ही दोन्हीकडे दुमडलेली पेटीची चुणी कुठून आली?"

"मध्य काढला मी," साहेब पुटपुटले.

"आणि मधल्या भागात पीळ बसलाय! चाळीस वर्षांत असला प्रकार नाही पाहिला. खळ किती घातलीत?"

"एका जाड पुस्तकापुरती."

"पोरीला बांधणी करून कपाटात ठेवायचीय का?"

मावशींनी इस्त्रीची वाफ सोडली, गुडघ्यांपाशी चार चुण्या सोडवल्या. पाय सुटले! बाकीचा स्कर्ट मात्र ढिम्म. धावतपळत दोघं मैदानावर पोचली, तर कवायतीच्या बाईंनी कपाळावर हात मारला.

"हे काय घातलंयस? पुढे नाही चालायचं हे! शेवटी जा!"

"बाई, चूक माझी आहे," बाइंडरसाहेब गयावया करू लागले. "तिला शिक्षा नका करू हो!"

"साहेब, शिट्टी झाली. बाजूला व्हा!"

लेक मान खाली घालून बाराव्या जागी गेली. बाइंडरसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रांग निघाली. वाऱ्याने अकरा स्कर्ट फडफडले, बारावा हलेना! मैदानाचं टोक आलं. बाई खणखणीत आवाजात ओरडल्या, "मागे वळ!"

बाराही मुली जागच्या जागी गर्रकन वळल्या. आणि शेवटची झाली पहिली! मान ताठ, पाऊल पक्कं, परीक्षकांसमोरून ती सगळ्यांच्या पुढे चालत आली. बाई आ वासून बघत राहिल्या. बाइंडरसाहेब शेजारच्या अनोळखी माणसाला गदागदा हलवत ओरडले, "पुढची माझी! पुढची माझी!"

नंबरबिंबर काही आला नाही. पण लेकीचा चेहरा असा फुलला होता, की साहेबांनी ऐटीत रिक्षा थांबवली.

"बस, राणी!"

लेक वाकली. स्कर्ट वाकला नाही. तिने आडवं होऊन पाहिलं, तिरकं होऊन पाहिलं. रिक्षावाला कंटाळून निघून गेला.

शेवटी दोघं चालतच घरी निघाली. ती पुढे, हात झुलवत, अजून संचलनातच. साहेब तिची पिशवी घेऊन मागे, धापा टाकत.

"बाबा," मागे न बघताच ती खेकसली, "पाय चुकतोय तुमचा!"