गुलाबरावांची मागची खोली

गुलाबराव कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटानं टकटक करत, कान लावत आणि मगच रामराम घालत. "पोकळ हाय," एवढंच म्हणत. घरमालकाला मग चहा गोड लागत नसे.

अकोल्यात ते माझे शेजारी. ते दवाखान्यात कंपाउंडर, मी शाळामास्तर. साठ-एकसष्टच्या उन्हाळ्यात त्यांनी घरामागे एक खोली वाढवायला घेतली. स्वतःच्या हातानं.

"मिस्त्री बोलवा," मी म्हणालो.

"मिस्त्रीले काय समजते? मी मानसं शिवले मास्तर, हे तं मातीची भीत हाय."

खोली कशाला, तर म्हणे सामान ठेवायला.

आमची काळी माती घर गिळणारी. मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. रोज सकाळी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन खणता खणता ते छातीभर खोल गेले, तेही जुन्या भिंतीला खेटून. मी बोललो, तर म्हणाले, "तुमी पोराइले शिकवा."

एका रविवारी मी काठावर उभा असतानाच खड्ड्याची कड घसरली. भिंतीच्या पायाचे दोन दगड निखळले आणि वरून एक भेग हळूहळू खाली येऊ लागली. आत वहिनी भाकरी करत होत्या. खड्ड्यात उभ्या गुलाबरावांनी भिंतीला लाकडाची बल्ली लावली, तिला खांदा दिला. मी वरून धरली.

"काय वं, भाईर ये. समोरच्या दारानं."

"भाकर तव्यावर हाय."

"राहू दे."

"करपन ना."

"करपू दे." त्यांच्या टकलावर माती पडत होती. "हात जोडतो तुले, भाईर ये."

नवऱ्याच्या तोंडचं असलं वाक्य वहिनींनी कधी ऐकलं नसावं. तवा तसाच सोडून त्या बाहेर आल्या.

"आता मले ओढा, मास्तर."

मी ओढलं. ते वर आले आणि भिंत ते उभे होते तिथंच कोसळली. पलीकडे चूल दिसू लागली. भाकर करपली होती.

"दाराएवढीच पाडाची होती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. खोली झाली. मग गुलाबराव मोर्शीला गेले आणि थोरल्या बहिणीला घेऊन आले. विधवा बाई, वीस वर्षं सासरच्या ओसरीवर जागा मिळेल तिथं निजलेली. आल्या आल्या तिनं सवयीनं गाठोडं उंबऱ्याबाहेरच ठेवलं. गुलाबरावांनी ते उचलून नव्या खोलीत नेलं आणि दार दाखवलं.

"कडी आतून हाय, बाई. लावून घे. उठ म्हननारं इथं कोनी नाई."

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणभर पसरलं तरी ते दार उघडलं नाही. वहिनी हाक मारायला निघाल्या. ओट्यावर बसलेल्या गुलाबरावांनी हातानंच त्यांना थांबवलं.