सरळ रेघांचा हार आणि आईसाहेबांचें पदक

श्रीकुलस्वामिनीस स्मरोन, कानीं आलें तें पदरचें न घालितां येथें मांडिलें असे. शके अठराशें एकूणपन्नास, प्रभव नाम संवत्सरीं राजे विलायतेची सफर करोन राज्यीं दाखल जाहले. तिकडे मोठें युद्ध सरोन नवा रिवाज पडला होता, दागिन्यांवर पान नाहीं, फूल नाहीं, मोर नाहीं, अवघे त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळें. तें राजियांचे मनीं भरलें आणि दरबारचे जडावकारागीर श्रीपतशेट यांस आज्ञा जाहली कीं, राणीसाहेबांस तैसा हार करावा, सोनें नको, प्लॅटिनम घालावें, रत्नें जुने दागिने मोडोन घ्यावीं. शेट यांणीं कागदावर रेघा ओढिल्या आणि त्यांस वेडच लागलें. जन्मभर वेलबुट्टी केली, ऐसी निर्मळ रेघ हातून उतरली नव्हती. मग मधोमध चौकोनी हिरा पाहिजे जाहला. तैसा एकच, राजमाता आईसाहेबांचे पदकांत होता.

आईसाहेबांनीं शेट यांस बोलावून सांगितलें, "शेट, माझी लेक तान्ही असतां हें पदक चावीत असे. सोन्यावर तिचे दांत उमटले आहेत. पुढें अंगावर देवी येवोन ती वारली. बाकी अवघें न्या, एवढें ठेवा. दुसरा खडा चालतो म्हणोन तुम्हीं सांगितल्यास राजे ऐकतील."

शेट यांस ठाऊक होतें, नीलमही चालता. परंतु डोळ्यांपुढें ती रेघ होती. खालीं पाहोन बोलिले, "आईसाहेब, याविणें साधत नाहीं."

मग कोंदण कापितां पदकाचे तुकडे जाहले आणि ते वितळावयास मुशींत गेले, आणि हार ऐसा उतरला कीं गोरे पाहुणेही पाहत राहिले, आणि राजियांनीं शेट यांस शालजोडी दिली.

पुढें आईसाहेब अंथरुणास खिळल्या आणि हार पाहावयास मागितला. शेट घेवोन गेले. आईसाहेबांनीं हारावरोन हळूहळू बोट फिरविलें आणि बोलिल्या, "फार सुरेख जाहला, शेट. कोठें ओरखडासुद्धां नाहीं." शेट हार पेटींत घालोन परतले. थोडक्याच दिवसांत आईसाहेबांनीं देह ठेविला.

सुतक फिटतांच राजवाड्यांतून आणीक जुने दागिने मोडावयास आले. शेट यांणीं एकेक हातीं घेवोन, कोठें दांतांची खूण दिसते काय म्हणोन, उलटापालटा निरखिला, मग भट्टीवरील गड्यास बोलिले, "फुंक रे, विस्तव मंद जाहला."

सारांश, राज्यीं नवा रिवाज रुजला आणि शेट यांचा लौकिक दूर देशीं गेला. परंतु कोणी त्या हाराची तारीफ काढितां शेट पानाचा डबा पुढें सारीत आणि बोलणें तेथेंच खुंटे. येणें रीतीं वर्तमान जाहलें.