छत्तीस फोटोंचा रोल

आमच्या कॉलनीत सिद्रामअण्णांकडून फोटो काढून घ्यायचा म्हणजे परीक्षेला बसणंच आहे. ते आधी तुम्हाला उन्हात उभं करतात, मग सावलीत, मग पुन्हा उन्हात. हनुवटी वर, हनुवटी खाली. एक डोळा मिटून पाच मिनिटं कॅमेऱ्यातून बघतात आणि सांगतात, "आज न्हाय जमत. उद्या दाढी करून ये."

कारण कॅमेरा रोलचा. एका रोलवर छत्तीसच फोटो, आणि नेहमीच्या स्टुडिओनं रोल धुणं बंद केल्यापासून तो पुण्याला पाठवावा लागतो. माझ्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो हातात आले, तोवर तिचे पडलेले दात पुन्हा उगवले होते. मी कुरकुरलो तर अण्णा मलाच म्हणाले, "तुला घाई कशाची असती रे सारखी?"

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. मोबाइलला ते खेळणं म्हणतात. लग्नात फोटोग्राफरचं क्लिक-क्लिक सुरू झालं की त्याच्या शेजारी जाऊन उभे राहतात आणि मोठ्यानं मोजतात. "चारशे झाले की रे! नवरी अजून यायचीच हाय."

गेल्या महिन्यात मला कॅमेरा घ्यायचा होता. रोलचा घ्यावा की डिजिटल, हे विचारायला मी अण्णांकडे गेलो. बुद्धी फिरली होती, दुसरं काय! दीड तास त्यांनी मला रोलचं माहात्म्य ऐकवलं. मग जुने फोटो दाखवायला कपाट उघडलं, तर आत टॉवेलात गुंडाळलेला एक चांगला डिजिटल कॅमेरा.

मी तो बाहेरच काढला. "अण्णा, हे काय? चोरून वापरता होय?"

"पोरानं दिलता. सहा वर्सं वापरला, मग ठिवला."

"का पण? बरा आहे की. नको तो फोटो पुसता तरी येतो."

"त्येच तर," अण्णा म्हणाले आणि कॉटवर बसले.

त्यांची बायको, आमच्या महादेवीअक्का, जाऊन तीन वर्षं झाली. अण्णा त्यांच्याबद्दल कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

"रोज काढायचो तिचा. ती लगेच बघायची. दात दिसायलेत, पुसा. केस पांढरे दिसायलेत, पुसा. मी पुसायचो. म्हटलं, उद्या परत काढू की. ती गेल्यावर पोरानं सगळं कार्ड धुंडाळलं. सहा वर्सांत एक फोटो न्हाय तिचा. एका फोटोत नातवाला धरलेला हात तेवढा हाय. कोपरापत्तूर."

मी भिंतीकडे बघितलं. तिथल्या फोटोत अक्का पस्तिशीच्या आहेत. नवे पाहुणे हमखास विचारतात, लेक का तुमची? उन्हानं डोळे बारीक झालेले, केस विस्कटलेले, तोंड उघडं. बहुतेक अण्णांवरच ओरडत असाव्यात.

"लई राग होता तिचा ह्या फोटोवर," अण्णा म्हणाले. "रोलचा हाय म्हणून ऱ्हायला. न्हायतर ह्योबी मीच पुसला असता."